बाईसाहेब आणि साबणाची डबी

शनिवार, २ ऑगस्ट. दुपार.

आजपासून रोजनिशी. घरात न्याय उरलेला नाही, निदान कागदावर तरी असावा.

भांडण गॅरेजचं आहे. गॅरेज एक, गाड्या दोन. मुलगी यित्का आणि जावई रादिम जूनमध्ये ब्रनो शहर सोडून आमच्या वरच्या मजल्यावर राहायला आले. डिसेंबरात यित्काचं बाळंतपण. माझी बायको द्राहा म्हणते, ऐन थंडीत हॉस्पिटल गाठायचं तर काचेवरचा बर्फ खरवडत कोण बसणार, तेव्हा पोरांची गाडी गॅरेजात राहील आणि तुझी बाहेर. किती सहज म्हणाली. बाहेर! व्हिसोचिनाच्या डोंगरी हिवाळ्यात!

माझी गाडी म्हणजे बाईसाहेब. १९६८ सालचा जन्म. चेरीसारखा लालभडक रंग, क्रोमचे बंपर, इंजिन मागे, डिकी पुढे. तिला बघून म्हातारे टोपी काढतात. पोरांची गाडी म्हणजे चाकं लावलेली साबणाची डबी. रंग करडा. त्याला रंग म्हणायचं असेल तर.

त्याच दिवशी, संध्याकाळ.

डाव टाकला. जेवताना सहज बोलल्यासारखं बोललो की गाडीची खरी परीक्षा गुळगुळीत रस्त्यावर होत नाही, जंगलात होते. चिखल, चढ, ओझं. तर सप्टेंबरअखेरपर्यंत दर शनिवारी मी बाईसाहेब घेऊन अळंबी वेचायला जाणार, रादिमने त्याची डबी घेऊन जायचं. ज्या गाडीतून जास्त अळंबी घरी येईल तिला गॅरेज. बोला.

द्राहा म्हणाली, चालेल, नाहीतरी नाताळच्या कुब्याला, त्या जवाच्या खिचडीला, या वर्षी भरपूर सुकवायला हवीत, खाणारी तोंडं वाढली आहेत. रादिम हसला. बाबा, म्हणाला, मला अळंबी आणि बेडूक यांतला फरक लांबून कळत नाही.

मला हेच हवं होतं. शिवाय माझ्याकडे सासऱ्यांची जागा आहे. लग्नानंतर त्यांनी एके दिवशी मला बाजूला घेतलं आणि हलक्या आवाजात सांगितली. आमच्याकडे माणूस पगार सांगेल, मूळव्याध सांगेल, पण अळंबीची जागा मरताना सुद्धा सांगणार नाही. मला सांगितली, यातच सगळं आलं. जागा जुन्या दगडाच्या खाणीमागे, जिथे पायवाट…

नाही. रोजनिशीलाही सांगणार नाही. जीभ आवरता येणं हाच माझा मोठा गुण आहे.

सोमवार, ४ ऑगस्ट.

शत्रूचा अभ्यास केला. रादिमने डबी चालवायला दिली. किल्ली नाहीच, बटण आहे. पट्टा बांधला नाही म्हणून कोकलली. बांधला तरी आणखी कशासाठी तरी कोकलली. मागे जाताना पडद्यावर चित्र दाखवते, म्हणजे मान वळवायचे कष्ट नकोत. सीट बुडाखाली गरम होते. मी रादिमला म्हटलं, आमच्या वेळी असं झालं तर माणूस डॉक्टरकडे जायचा.

सिग्नलला इंजिन बंद पडलं. म्हणतो, ते पेट्रोल वाचवायला मुद्दाम बंद होतं. बाईसाहेब सिग्नलला बंद पडतात तेव्हा मात्र हाच माणूस उतरून ढकलायला धावतो आणि यित्का तोंडावर हात धरून हसते.

वेगातला आवाज: नाही. वास: नाही. अब्रू: नाही.

शनिवार, ९ ऑगस्ट.

विजय!

पहाटे निघालो. बाईसाहेबांना अंगणात थोडं गरम व्हावं लागतं. सभ्य बाईला वेळ लागतोच. मधूनमधून ॲक्सिलरेटर दाबावा लागतो, नाहीतर रुसतात. सायलेन्सरची तक्रार काही लोक करतात, पण त्याला भोक पडलेलं नाही, मोकळा झाला आहे. शेजारच्या हाव्रानेकच्या खिडकीत दिवा लागला, मग समोरच्या घरात, मग पारापर्यंत सगळीकडे. गाव लवकर उठायला लागलं आहे. शिस्त बघून शिस्त येते.

गुप्ततेची सगळी काळजी घेतली. हिरवी टोपी, हिरवा कोट. बाईसाहेब खाणीच्या कडेला, रस्त्यालगत लावल्या, म्हणजे निघताना चिखल नको. मग आधी उलट्या दिशेला चाललो, ओढा ओलांडला, वाकून परत आलो. खोकला आला तो गिळला. जागेवर पोहोचलो तर काय सांगू, तपकिरी टोप्या घालून शाळा भरली होती. दोन टोपल्या भरल्या, वर नेचे पसरले, म्हणजे वाटेत कोणाला पत्ता लागायला नको.

रादिमने मूठभर आणली. त्यांतली एक अशी होती की तिने सगळं कुटुंब एका आठवड्यात कबरस्तानात गेलं असतं. ती द्राहाने चिमट्याने उचलून टाकली.

रात्री अळंबीची भुर्जी. यित्काने दोनदा घेतली. मी गॅरेजच्या बिजागरीला तेल घातलं.

बुधवार, १३ ऑगस्ट.

सुपरमार्केटमध्ये अपमान. माझा नव्हे, डबीचा. द्राहाने सामान आणायला मला डबी घेऊन पाठवलं, कारण म्हणे बाईसाहेबांच्या डिकीत बटाट्यांना पेट्रोलचा वास लागतो. बाहेर येऊन बघतो तर सगळ्याच गाड्या करड्या आणि सगळ्याच डब्या. जी उघडली तीत सामान ठेवलं, बसलो, बटण दाबतो तर मागच्या सीटवरून एक म्हातारी म्हणाली, तुम्ही कोण?

सभ्यपणे चूक मान्य केली. म्हणजे तिची. दार लावून बसायला काय झालं होतं?

नोंद: ज्या गाडीला चेहरा नाही ती गाडी असून नसल्यासारखी. बाईसाहेब हजारांत उठून दिसतात. लांबच्या टेकडीवरून सुद्धा. हा फरक आमच्या घरात कोणालाच कळत नाही.

शनिवार, १६ ऑगस्ट.

टोपली दीड. जागेवर हाव्रानेक भेटला. योगायोग. बायकोसह, चार टोपल्यांसह. मी विचारलं, इथे कसा? तो म्हणाला, काय शेजारी, असाच फिरत फिरत आलो. मग म्हणाला, पुढच्या शनिवारी जरा उशिरा निघ ना बाबा, आमची कॉफी पिऊन होत नाही.

माझ्या लवकर उठण्याचं याच्या पोटात दुखतं. दुर्लक्ष केलं.

शनिवार, २३ ऑगस्ट.

एक टोपली, तीही वर नेचे जास्त. खाणीपाशी गाड्यांची रांग. गावातली निम्मी मंडळी, शिवाय हाव्रानेकचे साडू शेजारच्या गावातून. खानावळवाली तर एप्रन घालूनच आली होती. मला म्हणाली, तुमची लाल बाई दारावरून गेली की मी गॅस बंद करते आणि बूट चढवते.

बाईसाहेबांवर लोकांचं असं प्रेम आहे. रात्री जेवताना हे मुद्दाम सांगितलं. द्राहाने माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि मग सुरीने टेबल खरवडत बसली.

जागा फुटली आहे, हे मात्र खरं. कोणीतरी फितूर.

रविवार, २४ ऑगस्ट.

तपास सुरू. रादिमवर पहिला संशय. त्याच्या फोनवर आकाशातून नकाशा दिसतो, माणसं ठिपक्यांसारखी दिसतात म्हणे. मी स्पष्ट विचारलं. तो म्हणाला, बाबा, तुमची जागा मला माहीतच नाही. हे निष्पाप माणूस म्हणतो, आणि फितूरही हेच म्हणतो.

द्राहाला विचारलं, तू कोणाला बोललीस का? जागा तिच्याच वडिलांची. ती म्हणाली, बोहुमीर, तुला खरंच कळत नाहीये का? मी म्हटलं, कळलं असतं तर तपास कशाला केला असता? तिने भांडी जरा जोरात ठेवली.

शनिवार, ३० ऑगस्ट.

कडक उपाय केले. बाईसाहेबांच्या काचेवर पाटी लावली: गाडी बंद पडली आहे. मालक अळंबी वेचायला गेलेला नाही. मग जंगलात तीनदा दिशा बदलली, एकदा झाडामागे दबा धरून बसलो. एक बाई लांबूनच ओरडली, काका, मुंग्यांच्या वारुळावर बसलात!

जागेवर पाय ठेवायला जागा नाही. कोणी सॉसेज भाजत होतं. माझ्या टोपलीत लहान लहान, आणि एक गोगलगाय.

रादिम सकाळी झाडांना पाणी घालायची झारी गाडीत ठेवून निघाला. शहरी माणूस. अळंबीला बहुतेक पाणी घालणार. यित्काला सांगितलं तर ती म्हणाली, बाबा, तुम्ही तुमची काळजी करा. पोटुशी बाई चिडकी होते, मनावर घेतलं नाही.

आला तेव्हा त्याच्याकडे पिशवीभर होती. उत्तम प्रतीची. नवशिक्याचं नशीब.

शनिवार, ६ सप्टेंबर.

जागाच बदलली. मी मूर्ख नाही. खाणीकडे न जाता तळ्यापलीकडच्या पाइनच्या उतारावर गेलो. बाईसाहेब उंच बांधावर लावल्या, तिथे ऊन येतं, सकाळचं ऊन बॅटरीला चांगलं.

टोपली काढेपर्यंत हाव्रानेक हजर. मग साडू. मग खानावळवाली. आज एप्रन नव्हता, सवड काढून आलेली दिसली. निष्कर्ष: अळंबी वेचण्याची फॅशन आली आहे. टीव्हीवर काहीतरी दाखवलं असणार. सगळा देश बिघडला त्याला मी काय करू?

परत निघताना बाईसाहेब सुरू होईनात. पण इथेच आपल्या माणसांचा एकोपा दिसतो. सगळ्यांनी भरलेल्या टोपल्या बांधावर ओळीने ठेवल्या आणि ढकलायला लागले. हाव्रानेकने तर ओरडून सांगितलं, अरे जोर लावा, हिला काही झालं तर आपलं कसं व्हायचं! डोळ्यांत पाणी आलं. हे डबीच्या नशिबात कधी येणार? तिला कोण ढकलणार? ती बंद पडली तर फोन करते आणि दुसरी डबी येते.

टोपलीत काही नव्हतं. पण त्याचा उल्लेख घरी केला नाही, एकोप्याचा केला.

शनिवार, १३ सप्टेंबर.

रादिम: झारी गच्च, वर दोन पिशव्या. मी: सर्दी.

स्वयंपाकघरात स्टोव्हच्या वर दोऱ्याच दोऱ्या, त्यांवर त्याची अळंबी सुकत आहेत. वास घरभर. मी एक उचलून उलटसुलट पाहिली. बाजारातून आणत असणार. पण देठाला ओली माती आहे, पाइनची सुई चिकटलेली. मग माती लावून विकतात की काय हल्ली?

द्राहा दोऱ्याची गाठ मारता मारता गुणगुणत होती. गेल्या कित्येक वर्षांत गुणगुणली नव्हती.

दोन आठवडे राहिले. रात्री गॅरेजात जाऊन बसलो, बाईसाहेबांच्या पुढच्या सीटवर. मी घाबरलेलो नाही. पण जानेवारीत ही बाहेर उभी राहिली तर दारांच्या खालचा पत्रा वसंतापर्यंत टिकणार नाही, आणि तो पत्रा आता कुठेच मिळत नाही. हे त्यांना कसं सांगायचं?

शनिवार, २० सप्टेंबर.

ठरवलं: रादिमचा पाठलाग. युद्धात सगळं चालतं.

तो झारी घेऊन निघाला. मी पाठोपाठ, बाईसाहेबांमधून, सावधपणे, मोठा दिवा न लावता. मुख्य रस्त्याला लागेपर्यंत तो पुढे दिसत होता. चौकात दूधवाल्याचा ट्रक मधे आला. ट्रक वळला आणि पुढे करडी गाडी पुन्हा दिसली. सोडली नाही. माझी नजर अजून पक्की आहे.

तो जंगलाकडे न वळता थेट यिह्लावाच्या रस्त्याला लागला. मी मनात म्हटलं, चांगलाच लबाड आहे, इतक्या लांब! शहरात शिरलो. करडी गाडी एका फर्निचरच्या दुकानाच्या मोठ्या आवारात जाऊन थांबली. मी तिच्या आडव्या बाईसाहेब लावल्या, उतरलो आणि म्हटलं, सापडलास!

आतून एक अनोळखी बाई बाहेर आली. तिला दिवाणखान्यासाठी सोफा बघायचा होता. तिने पर्स छातीशी धरली.

मी मागे वळलो तर आवारात आमचं अख्खं गाव. हाव्रानेक, साडू, खानावळवाली, तळ्याकडचे दोघे भाऊ, सगळे गाड्यांतून उतरत होते. रबरी बूट, हातांत टोपल्या, कमरेला सुऱ्या. सगळे आधी दुकानाकडे बघत होते, मग माझ्याकडे. हाव्रानेक म्हणाला, शेजारी, इथे? त्या बाईने पर्सबरोबर डोळेही मिटले.

फर्निचरचा सेल असावा. पण सेलला कोणी टोपली घेऊन जातं का? आमच्या लोकांना शहरात कसं जावं हे कधी कळणार नाही.

परतीच्या वाटेवर कोणी हात केला नाही. खानावळवाली काच खाली करून म्हणाली, पेट्रोल काय फुकट येतं का हो?

शनिवार, २७ सप्टेंबर.

शेवटचा शनिवार. पाऊस. बाईसाहेब ओलाव्याने सुरूच झाल्या नाहीत. अंगणात बराच वेळ प्रयत्न केला. गल्लीत लोक छत्र्या घेऊन, इंजिनं चालू ठेवून थांबले होते. शेवटी एकेक करून घरी गेले.

रादिम झारी भरून आला. पाऊस पडला म्हणून आणखीच भरून.

मोजायची गरज कोणाला वाटली नाही.

रविवार, २८ सप्टेंबर. संध्याकाळ.

संत वाक्लावाची सुट्टी. जेवायला बदक. द्राहा म्हणाली, बोहुमीर, आता ऐक, आणि मधे बोलू नकोस.

रादिम माझ्या सासऱ्यांच्या जागेवर जातो. खऱ्या. द्राहानेच त्याला दाखवली: कबरस्तानाच्या मागच्या फाटकातून थेट जंगलात. गाडी तो कबरस्तानापाशी लावतो, तिथे रोज दहा करड्या गाड्या उभ्या असतात, कोणाचं लक्ष जात नाही. हातात झारी, म्हणजे थडग्यावरच्या फुलांना पाणी घालायला निघाला आहे असं वाटतं. सासरेही असेच जायचे. झारीतूनच आणायचे. मी एवढी वर्षं समजत होतो की म्हातारा मेलेल्यांवर फार प्रेम करतो.

मी विचारलं, मग खाणीमागची जागा? ती म्हणाली, तीही वाईट नव्हती, पण बाबांनी तुला तीच सांगितली. त्यांना तू आवडायचास रे. पण तू ती गाडी घेऊन आमच्याकडे पहिल्यांदा आलास ना, तेव्हाच ते मला म्हणाले होते, याला कबरस्तानाचं सांगू नकोस, अख्खा जिल्हा मागे येईल.

मला वाईट वाटलं. इथे लिहून ठेवतो, फार वाईट वाटलं. बदक तसंच ताटात राहिलं. सासऱ्यांच्या शवपेटीचं टोक मी धरलं होतं, त्याच फाटकाजवळून.

मग द्राहा म्हणाली, पण गाडी विकायचं मनात आणू नकोस. मी मान वर केली. तुझी गाडी आम्हाला हवीच आहे, म्हणाली. कालच्या आधीच्या शनिवारी तू सगळ्या गावाला यिह्लावाला घेऊन गेलास ना, त्या दिवशी रादिमला जंगलात चिटपाखरू भेटलं नाही. जन्मात एवढी वेचली नव्हती. तर इथून पुढे दर शनिवारी तू कबरस्तानाच्या उलट्या दिशेला जायचंस. तळ्याकडे, खाणीकडे, कुठेही, पण लांब. आणि निघताना ॲक्सिलरेटर दाबायला विसरू नकोस.

रादिम म्हणाला, बाबा, तुमच्याशिवाय हे जमणार नाही. यित्काने माझा हात दाबला. थोडक्यात, मी म्हणत होतो तेच झालं. शेवटी सगळ्यांनी मान्य केलं की या घराची अळंबी बाईसाहेबांवर चालते. डबीला कोणी असं म्हटलं का?

मी म्हटलं, मग गॅरेज आमचंच.

द्राहा म्हणाली, अरे, गॅरेजात ठेवून कसं चालेल? रस्त्यावरून दिसायला हवी. दिसली नाही तर लोकांना वाटेल तू निघालास, आणि मग शोधत शोधत कुठे जातील याचा काय नेम?

जेवणानंतर बाईसाहेब मीच बाहेर काढल्या. कोणाला हात लावू दिला नाही. फाटकापाशी, दिव्याखाली लावल्या. रादिमने डबी आत नेली. बंद केल्यावरही तिचे दिवे थोडा वेळ चालू राहतात, आपल्याला घरात जाताना अंधार वाटू नये म्हणून. बाईसाहेबांना ही असली चापलूसी कधी जमली नाही.

हाव्रानेक कुंपणाशी आला. फर्निचरचा राग विसरलेला दिसला. म्हणाला, शेजारी, बाहेर काढलीस? शनिवारी जायचं ना? मी म्हटलं, पहाटे, नेहमीसारखं. तो खूश होऊन घरी गेला.

मोकळी हवा पत्र्याला चांगलीच असते, गॅरेजात कोंदट होतं. फक्त बर्फाचा प्रश्न आहे. ताडपत्री घालतो म्हटलं, तर द्राहा म्हणाली, नको, लाल रंग झाकला जाईल.

उद्याचं काम: पारदर्शक ताडपत्री मिळते का, चौकशी करणे.